गाळलेलं वाक्य

फेब्रुवारी सरत आला की आमच्या वसतिगृहाचा आवाज बदलतो. एरवी संध्याकाळी इथं नुसता गलका असतो. बादल्या आपटतात, नळावर भांडणं होतात, कुणाचा तरी कंगवा हरवतो. पण दहावीची परीक्षा जवळ आली की मोठ्या मुली गप्प होतात आणि त्यांच्या धाकानं लहान मुलीही पाय न वाजवता चालू लागतात. मग खोल्याखोल्यांतून पाठांतराची एकच गुणगुण ऐकू येत राहते. ती ऐकत व्हरांड्यातून फेरी मारणं हे माझं दर वर्षीचं सुख आहे. गेली एकोणीस वर्षं मी या आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे.

काल अशीच फेरी मारत होते. कोपऱ्यातल्या खोलीत एक मुलगी भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कान हातांनी घट्ट झाकून, पुढेमागे डुलत पाठ करत होती. मी दारातच थांबले. तिनं वळून पाहिलं आणि विचारलं, काय झालं मॅडम. म्हटलं, काही नाही, वाच तू. पण पुढच्या खोल्यांकडे मी गेले नाही. आपल्या खोलीत येऊन नुसती बसून राहिले.

त्याच खोलीत, त्याच भिंतीकडे तोंड करून, असेच कान झाकून एक माणूस बसायचा. टाळेबंदीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आणि त्या वेळी इथं वसतिगृह नव्हतं, तुरुंग होता.

त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. मुली नकाशे भरत बसल्या होत्या आणि पेपर पुढं ढकलल्याची बातमी आली. मग मुलींना घरी न्यायला आईबाप येऊ लागले. कुणी चालत, कुणी मोटारसायकलवर तिघं-चौघं. दोन दिवसांत इमारत रिकामी झाली. माझं सासर मुरबाडकडे, टोकावड्याच्या अलीकडे. तिथं निघायची तयारी केली तर नवऱ्याचा फोन आला की गावानं रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकल्यात, बाहेरच्याला आत घेत नाहीत, सध्या तिथंच राहा. लग्न होऊन इतकी वर्षं मी त्या घरची सून, पण त्या आठवड्यात मी बाहेरची होते. राहिले.

रिकामं वसतिगृह किती मोठं असतं ते मला तेव्हा कळलं. दोरीवर एखादी विसरलेली ओढणी, भिंतीवर मुलींनी चिकटवलेली भारतातल्या नद्यांची चित्रं. बाहेर पळसाचा बहर संपून मोहाची फुलं टपटप पडायला लागली होती आणि ती वेचायला कुणी नव्हतं. सगळीकडे तो उग्र गोड वास. आजही मोहाचा वास आला की मला जेवण जात नाही.

एप्रिलात तहसीलमधून माणसं आली. नव्यानं अटक झालेल्या कैद्यांना थेट मोठ्या तुरुंगात पाठवलं तर आजार आत शिरेल, म्हणून आधी चौदा दिवस त्यांना वेगळं ठेवायचं होतं, आणि त्यासाठी आमची इमारत घेतली होती. मला विचारायला नव्हे, सांगायला आले होते. मुलींच्या पेट्या मी कोठारात रचल्या आणि कुलूप लावलं. खिडक्यांना जाळ्या लागल्या, फाटकावर पहारा बसला. मी जावं कुठं हा प्रश्न आला, तेव्हा तुरुंगाचे अधिकारी साळवी साहेब म्हणाले की तुम्ही राहा, पाण्याची मोटर आणि टाकीचे व्हॉल्व्ह तुमच्याशिवाय कुणाला कळत नाहीत. ते खरंच होतं. आमच्या शहापूर तालुक्यात धरणं आहेत आणि उन्हाळ्यात टँकरही आहेत. कुठल्या वेळी कुठला नळ सोडायचा हे शास्त्र माझ्या डोक्यातच होतं. मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत मी राहू लागले.

सव्वीस कैदी होते. बहुतेक चोरीमारी, दारू, भांडणं यांतले, खटले अजून चालायचे असलेले. मी त्यांच्याकडे बघत नसे. व्हॉल्व्ह फिरवायला मागच्या बोळातून जायचे, तेव्हा पदर तोंडावर आणि नजर खाली. भीती आजाराची होती की त्यांची, हे मला आज सांगता येणार नाही. दोन्ही एकमेकांत मिसळून गेल्या होत्या.

नवशा आला तो दुसऱ्या आठवड्यात. डोळखांबच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीचा, पस्तिशीतला, काटक माणूस. त्यानं आपल्या सख्ख्या भावावर कोयता चालवला होता. भाऊ वाचला होता. एवढंच त्याच्या कागदावर होतं. आल्यापासून तो कोपऱ्यातल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला. बोलेना, जेवेना, सांगितलेलं ऐकेना. ताट समोर ठेवलं तर तसंच राही. पहाऱ्यावरचा शिपाई गायकर चांगल्या स्वभावाचा होता, तो दोन-तीनदा विनवून पाही. साळवी साहेबांचं मत वेगळं होतं. त्यांनी अशी नाटकं पुष्कळ पाहिली होती. वेडाचं सोंग केलं की खटल्यात सूट मिळते असं यांना कुणीतरी शिकवतं, असं ते म्हणायचे. मला ते पटलं होतं. हे कबूल केलं पाहिजे.

चौथ्या दिवशी दुपारी मी बोळातून टाकीकडे निघाले होते. ऊन असं होतं की लोखंडी चाक धरायला हातात फडकं घ्यावं लागे. त्याच्या खिडकीखाली आले आणि आतून पुटपुटणं ऐकू आलं. मी थांबले, कारण शब्द मला कळत होते. ती माझ्या मुलींची बोली होती. रात्री दिवे गेल्यावर अंधारात एकमेकींशी बोलतात ती, घरची. पहिली काही वर्षं मला ती कळत नसे, मग मुलींनीच हसत हसत शिकवली. तो म्हणत होता, "नाय जायाचा. मी नाय जायाचा." कुणाला तरी उत्तर देत असावा तसं, थांबून थांबून.

मी त्याच्याच बोलीत विचारलं, कुठं नाही जायचं?

पुटपुटणं थांबलं. खिडकीच्या जाळीशी त्याचा चेहरा आला. चार दिवसांत पहिल्यांदा तो कुणाकडे तरी बघत होता. त्यानं विचारलं, मी कुठल्या वाडीची. मी म्हटलं वाडीची नाही, पण तुमच्या पोरींची मास्तरीण आहे. मग त्यानं पाणी मागितलं. मी गायकरला हाक मारली. नवशा दोन तांबे पाणी प्यायला.

या एका गोष्टीवरून पुढचं सगळं घडलं. साळवी साहेबांनी मला बोलावून घेतलं. कैदी जेवत नाही ही गोष्ट त्यांना वर कळवावी लागली होती आणि ठाण्याच्या एक मानसोपचाराच्या डॉक्टर फोनवरून त्याला तपासणार होत्या. त्यांना स्वतःला येता येत नव्हतं. त्यांच्याकडे अशा किती तरी तुरुंगांचं काम होतं आणि त्यांचे सोबतचे दोन डॉक्टर स्वतःच आजारी पडले होते. नवशा बोलला तर फक्त माझ्याशी बोलेल. म्हणजे मी दुभाषी.

नुसत्या बोलण्यापुरती रेंज खाली साहेबांच्या टेबलापाशीही यायची, पण चेहरा दिसण्याइतकी फक्त गच्चीच्या जिन्यावर. वरच्या पायरीवर आम्ही भूगोलाची जुनी पुस्तकं रचून त्यावर फोन टेकवला. खालच्या पायरीवर नवशा, हातात बेडी. एका बाजूला गायकर, मागे साळवी साहेब, मध्ये मी. फोनच्या चौकोनात डॉक्टरांचा चेहरा दिसत होता. पन्नाशीच्या बाई, गालांवर मास्कचे वळ उठलेले, डोळे जागरणानं सुजलेले, आवाज मात्र सावकाश. चित्र मधेच गोठायचं आणि त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहायचं. नवशा त्या गोठलेल्या चेहऱ्याकडे भीतीनं बघायचा.

त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, "नवशा, तुला आवाज ऐकू येतात का?"

एवढं त्याला माझ्याशिवाय कळलं. त्यानं मान हलवली. येतात. कसले? तर म्हणाला, गाडीचा येतो, पाखरांचा येतो, हिचाही येतो, आणि माझ्याकडे बोट केलं. साळवी साहेब मागून हसल्याचं मला कळलं. मी डॉक्टरांना म्हटलं, त्याला कान आहेत एवढंच तो सांगतोय, मला वेगळ्या तऱ्हेनं विचारू द्या. मुली भुताखेतांच्या गोष्टी सांगतात तेव्हा जे शब्द वापरतात, ते वापरून मी विचारलं की दिसत नाही असं कुणी तुझ्याशी बोलतं का?

त्याचा चेहरा बदलला. बाप बोलतो, म्हणाला. बाप मरून बारा पावसाळे झालेत हेही त्यानं स्वतःच सांगितलं. मी विचारलं, काय बोलतो?

तो खाली बघून हळू बोलला. "बाप म्हनतो, भिवाला अर्धाच ठेवलास. जा, पुरा करून ये. नायतर तूच ये माझ्याकं."

भिवा म्हणजे त्याचा भाऊ.

सगळे माझ्याकडे बघत होते. ती बोली तिथं फक्त मला कळत होती. त्या दोन-तीन सेकंदांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी पुढं कितीतरी वेळा आठवून पाहिलंय. हे सांगितलं तर साळवी साहेब लिहून घेतील. कागदावर येईल की हा अजून भावाला मारायचं म्हणतो. मग त्याला एकट्याला कोंडतील, बेडी पायांतही पडेल, आणि न्यायाधीश हाच कागद वाचतील. माझ्या कितीतरी मुलींच्या बापांचं असं झालेलं मला माहीत होतं. एकदा कागदावर आलेलं पुन्हा पुसलं जात नाही. मला वाटलं, या माणसाचं इथं कुणी नाही, निदान मी तरी त्याच्या बाजूनं असावं.

मी म्हणाले, "वडील बोलावतात म्हणतो. त्यांची आठवण येते त्याला."

डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही म्हणाला का? वाक्य लांब वाटलं.

मी म्हटलं, नाही.

त्यांनी झोपेसाठी एक साधी गोळी लिहून दिली. दोन दिवसांनी पुन्हा बोलू, तोवर याचे जुने काही कागद आहेत का बघा, असं सांगून फोन ठेवला. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. काहीतरी चांगलं केल्यासारखं.

परीक्षेत मुली एखाद्या प्रश्नाचा भाग गाळतात तेव्हा मी त्यांना नेहमी सांगते की चुकलेलं उत्तर परवडलं, गाळलेलं नको. चुकलेल्यावर तपासणारा निदान खूण करतो. हे मी आजही सांगते. सांगताना माझा आवाज किंचित बदलत असेल, त्यांना कळत नसणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवशानं गळफास घेतला. वाचला, कारण गायकर त्याच्यासाठी ताक घेऊन वेळेआधी गेला होता. मला आरडाओरड ऐकू आली आणि मी धावत गेले तेव्हा गायकर जमिनीवर बसला होता, नवशाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि ताक सगळीकडे सांडलं होतं. आजाराच्या दिवसांत कुणी कुणाला शिवत नव्हतं, पण गायकरनं त्याला लहान मुलासारखं धरून ठेवलं होतं. नवशाचे डोळे उघडे होते. मला बघून त्यानं ते मिटले.

तालुक्याचे डॉक्टर येऊन तपासून गेले. जिवाला धोका नव्हता. मी टाकीपाशी जाऊन उभी राहिले आणि काही वेळ मला पाण्याचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो तेच आठवेना. मग साळवी साहेबांच्या टेबलावरून मी ठाण्याच्या डॉक्टरांचा नंबर घेतला, जिन्यावर गेले आणि फोन लावला. त्यांना आधी सगळं घडलेलं सांगितलं. मग ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं, भिवाच्या नावासकट. कालच तो हे बोलला होता आणि मी ते गाळलं, हेही सांगितलं.



"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. तुम्ही त्याचं बोलणं माझ्यापर्यंत आणा. बाजू मी घेते."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी साळवी साहेबांना फोन द्यायला सांगितला, तो मी खाली नेऊन दिला. त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. मी बाजूला उभी होते. त्या सांगत होत्या, त्याला एकटं कोंडायचं नाही, उलट एक क्षणही एकटं सोडायचं नाही, माणूस जवळ बसवायचा. तो जे बोलतो ते त्याचा आजार बोलतो, आणि आजाराला शिक्षा करून तो गप्प होत नाही. साळवी साहेब फक्त हो, हो म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि कपाळ पुसलं. नाटक हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. संध्याकाळी बघते तर नवशाच्या दाराशी खुर्ची टाकून ते स्वतः बसले होते. त्यांची बायकोमुलं कल्याणला होती आणि दीड महिना त्यांनी त्यांना पाहिलं नव्हतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

प्रश्न औषधाचा होता. आवाज इतका जुना आणि इतका हुकमी असेल तर हा माणूस आधी कुठंतरी औषध घेत असणार, असं डॉक्टरांना वाटत होतं. कुठलं, किती, हे कळलं तर दिवस वाचतील. नाहीतर थोड्या मात्रेनं सुरुवात करून वाट बघायची, आणि वाट बघायला वेळ कुठं होता? नवशा आता माझ्याशीही बोलत नव्हता. घरचं माणूस म्हणावं तर बायको केव्हाच माहेरी निघून गेलेली, आई म्हातारी, फोन नसलेली. कागदावर एकच नंबर होता. तो फिर्यादीचा. भिवाचा.

साळवी साहेबांनी कागद पुढं ओढला. मग म्हणाले, फिर्यादीला आपण फोन करणं बरं दिसत नाही, पण औषधाचं नाव दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यांनी स्वतः नंबर फिरवला, आपण कोण ते सांगितलं, आणि फोन माझ्या हातात दिला.

भिवानं पहिला प्रश्न विचारला, "मेला का तो?"

नाही म्हटलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, तर मग फोन कशाला केलात? मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. सांगून झाल्यावर तो बोलायला लागला आणि थांबेना. सात वर्षं तोच नवशाला महिन्याच्या महिन्याला ठाण्याला न्यायचा. पहाटे चालत निघून, मिळेल त्या गाडीनं आटगाव स्टेशन, तिथून लोकल. दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या घेऊन रात्री परत. गोळ्या चालू होत्या तोवर नवशा सगळ्यांसारखा होता, शेतात दोन माणसांचं काम करायचा. मग गाड्या बंद झाल्या. गोळ्या संपल्या. भिवानं दोन ठिकाणी पायी जाऊन विचारलं, पण त्यांच्याकडे ती गोळी नव्हती. तीन आठवडे नवशा झोपला नाही. आणि एका सकाळी त्यानं कोयता उचलला.

"माजी तीन बोटा गेली, मॅडम," भिवा म्हणाला. "उजव्या हाताची. आता मी भात कसा कापनार ते त्याला इचारा. गाडी बंद झाली त्याला मी काय करू? मी नाय बगनार त्याचं आता. सरकार बगल."

फोन बंद झाला.

मी फोन साळवी साहेबांना परत दिला. खिडकीबाहेर दूर डोंगराच्या उतारावर धुराच्या रेघा दिसत होत्या. राब भाजायचे दिवस होते. पावसाआधी रोपांसाठी जमीन भाजतात, त्याचा तो धूर. त्यातली एक रेघ त्या वाडीची असू शकेल, असं मला वाटून गेलं. ती नसेलही. एका हातानं राब भाजता येतो का, हे मी शेतकऱ्याच्या घरची असून मला सांगता आलं नसतं.

दुसरा दिवस फार लांबला. डॉक्टरांनी थोड्या मात्रेनं सुरुवात केली होती, फरक काही दिसत नव्हता. नवशा गोळी गालात धरून मग थुंकायचा. गायकर त्याच्याजवळ बसून स्वतःच्या गावच्या गोष्टी सांगायचा, उत्तराची अपेक्षा न ठेवता. मी व्हॉल्व्ह उघडत होते, बंद करत होते. बोळातून जाताना पाय आपोआप मंद व्हायचा आणि आतून काही ऐकू येतं का म्हणून मी श्वास रोखायचे. काहीच ऐकू न येणं पुटपुटण्यापेक्षा भयंकर होतं.

दुपारी कधीतरी फोन वाजला. साळवी साहेबांनी मला हाक मारली. पलीकडे जोराचा वारा होता. भिवा रेंजसाठी टेपाडावर चढला होता.

"पाकीट आनलंय," तो म्हणाला. "लिवून घ्या."

तो सातवीपर्यंत शिकला होता. इंग्रजी अक्षरं त्याला काही येत होती, काही नव्हती. पहिलं गोल, म्हणाला. गोल म्हणजे ओ का, मी विचारलं. तसंच असेल, म्हणाला. मग एक उभी काठी आणि तिला खाली आडवा पाय. मग कोनासारखं, मधे रेघ असलेलं. एकेक अक्षर मी परत सांगायचे, तो हो म्हणायचा, मधेच वाऱ्यानं आवाज तुटायचा की पहिल्यापासून सुरुवात. साळवी साहेब माझ्या खांद्यावरून वाकून कागदावर बघत होते. नाव पुरं झालं, आकडा झाला. दुसऱ्या गोळीचंही झालं. मी आभार मानायला गेले तर त्यानं मला थांबवलं.

"मोठी गोळी रातची. जेवल्यावरच. उपाशी दिली तर तो ओकतो," भिवा म्हणाला. "आन् गोळी दिल्यावर जरा बसा त्याच्यापाशी. गालात धरतो तो."

नवशाशी बोलतोस का, असं मी विचारलं. नाही म्हणाला, आणि फोन ठेवला.

डॉक्टरांनी नाव ऐकलं आणि फोनच्या त्या छोट्या चौकोनात त्या पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिकेबरोबर ठाण्याहून औषध आलं. त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. मला वाटत होतं होईल, म्हणून सांगते. चार दिवस काहीच नाही. मग एका रात्री तो सलग झोपला. मग एकदा त्यानं कान झाकले नाहीत. दीड आठवडा उलटून गेल्यावर तो जेवता जेवता गायकरला म्हणाला की भाताला मीठ नाही. गायकर मीठ आणायला असा पळाला की वाटेत दोनदा ठेचकाळला.

त्याच दुपारी नवशानं खिडकीतून मला हाक मारली आणि विचारलं, "भिवा हाय का?"

आहे म्हटलं. त्यानं जाळीला कपाळ टेकवलं आणि तो रडला, आवाज न करता, बराच वेळ. मला तेव्हा समजलं की इतके दिवस त्याला आपण काय केलं तेही नीट माहीत नव्हतं. औषधानं त्याला बरं केलं म्हणजे काय केलं, तर हे त्याच्या पुढ्यात आणून ठेवलं. बरं होणं एवढं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं.

जिन्यावरच्या बैठका होत राहिल्या. मी आता काही गाळत नव्हते. कधी कधी सांगताना जीभ जड व्हायची, पण सांगायचे. बाप अजून बोलतो, पण लांबून बोलतो, असं तो एकदा म्हणाला. डॉक्टर म्हणाल्या, लांबून बोलला तर चालेल. आमच्याकडच्या एका कैद्याला आजार निघाल्यामुळे सगळ्यांचा मुक्काम वाढला होता. आजारानं दिलेलं तेवढं एकच बरं.

मे महिन्याच्या शेवटी त्याला मोठ्या तुरुंगात हलवलं. डॉक्टरांनी सविस्तर पत्र लिहिलं होतं. तरी मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या कागदांना टाचलं, की रात्रीची गोळी जेवल्यावर द्यावी, उपाशीपोटी देऊ नये, आणि गोळी दिल्यावर थोडा वेळ जवळ थांबावं. साळवी साहेबांनी ते वाचलं आणि खाली आपला शिक्का मारला. नियमात ते बसत नसावं. गाडीत चढताना नवशानं मला वाकून नमस्कार केला आणि मला त्याच्या डोळ्यांकडे बघवलं नाही. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं की त्या दिवशी मी काय केलं होतं. मीही सांगितलं नाही.

पुढचं मला गायकरकडून फोनवर कळत गेलं. पावसाळा संपल्यावर नवशाला जामीन मिळाला. उपचार चालू ठेवायची अट होती. भिवानं हरकत नाही म्हणून लिहून दिलं होतं. खटला अजून चालू आहे. वसतिगृह परत मिळालं, खिडक्यांच्या जाळ्या काढल्या, भिंतींना रंग दिला. मुली आल्या तेव्हा त्यांना आम्ही सगळं सांगितलं नाही. एवढं सांगितलं की इथं आजारी माणसं राहत होती. ते खोटं नव्हतं.

गेल्या पौषात मी शहापूरच्या स्टँडवर मुरबाडच्या गाडीची वाट बघत होते. समोरच्या बाकावर दोन माणसं बसली होती. त्यांतल्या एकानं उठून माझ्याकडे येऊन नमस्कार केला. थोडा जाड झालेला, केस कापलेले. मी ओळखलं नाही, त्याला सांगावं लागलं. नवशा. कोर्टाची तारीख होती, म्हणून आला होता. आणि बरोबर भिवा. आरोपी आणि फिर्यादी एकाच गाडीनं येतात, एकाच गाडीनं जातात, दुसरी गाडीच नाही, असं भिवा म्हणाला. त्याचा उजवा हात त्यानं सवयीनं बगलेत धरला होता.

आम्ही पावसापाण्याचं बोललो. भात बरा आला होता. कापायला नवशा, बांधायला भिवा. महिन्याला दोघं ठाण्याला जातात. मग बोलणं संपलं आणि गाडी काही येईना. इतकी वर्षं जे जवळ बाळगलं होतं ते सांगायची हीच वेळ, असं मला वाटलं. नवशाला म्हटलं, जिन्यावर पहिल्या दिवशी तू एक गोष्ट बोललास. बाप काय म्हणतो ते. मी ती डॉक्टरांना सांगितली नाही. सांगितली असती तर दुसऱ्या दिवशी तुझ्यावर ती वेळ आली नसती.

मी काय बोललो होतो, असं नवशानं विचारलं नाही. आणि भिवासमोर ते शब्द उच्चारायचे का, हे मला पुन्हा कळेना. मी घुटमळले.

भिवाच बोलला. "माला म्हाईत हाय ते. घरी आला तवा पयल्याच दिवशी यानं सांगलं. माला पुरा करायचं बोलत व्हता बाप."

मी विचारलं, मग तू काय केलंस?

"भ्यालो," भिवा म्हणाला. "दोन राती अंगनात निजलो. तिसऱ्या रातीला थंडी लई पडली. मंग आत गेलो."